कुलूपवाली म्याडम

दारव्ह्यात रत्नप्रभाचं घर विचारलं तर ऑटोवाला आधी डोकं खाजवायचा. 'कुलूपवाली म्याडम' म्हटलं की मग थेट फाटकाशी आणून सोडायचा. हे नाव तिला कोणी दिलं ते माहीत नाही, पण देणारा माणूस दयाळू असणार याची मला खात्री आहे. तिच्या आयुष्याचं जेवढं वाटोळं झालं ते सगळं दयाळू माणसांनी केलं. एखादा दुष्ट असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच कुंपणाची भिंत. नोकरीही एकाच कनिष्ठ महाविद्यालयात. मी मराठी शिकवते, ती जीवशास्त्र. नवरा यज्ञेश्वर, सरकारी कचेरीत, सरळ, अबोल, कोणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की चष्मा पुसत बसणारा. मुलगी एकच, गुंजन. कुलुपं मात्र जागोजागी. स्वयंपाकघराच्या दाराला, फ्रिजला, धान्याच्या कोठीला, इतकंच काय, ओल्या कचऱ्याच्या डब्यालाही. किल्ल्या काळ्या गोफात ओवून तिच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या जोडीने. फळ्यावर लिहिताना त्या वाजायच्या आणि मागच्या बाकावरची पोट्टी हसायची. ती वळून बघायचीसुद्धा नाही.

कुलुपं गुंजनसाठी होती. गुंजनला भूक लागायची, आणि ती कधीच भागायची नाही. जेवण झाल्यावर तुम्हाआम्हाला जे 'बस झालं' वाटतं, ते तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं. पोटात जागा असो नसो, ती भुकेलीच.

गंमत म्हणावी तर अशी, की हीच पोर जन्मली तेव्हा दूधही ओढत नव्हती. अंग पिळलेल्या फडक्यासारखं लुळं. रडायचीसुद्धा नाही. रत्नप्रभा ड्रॉपरने थेंब थेंब दूध तिच्या गालात सोडायची. तेव्हा मदतीला आली ती तिची थोरली जाऊ, कोकिळाबाई. यज्ञेश्वरचं मूळ घर नेरला. थोरले भाऊ सदाशिवराव तिथे कपाशी-तुरीची शेती बघतात. कोकिळाबाईंना स्वतःचं मूल नाही. त्या दारव्ह्याला येऊन राहिल्या, गुंजनला मांडीवर घेऊन बसल्या, आणि त्या वर्षी नेरच्या घरच्या महालक्ष्म्यांसमोर पदर पसरून नवस बोलल्या.

"माय, हे लेकरू जेवाले लागू दे. तुह्यासमोर कुमारिका म्हनून बसवीन अन् ते पुरे म्हनेपर्यंत वाढीन."

आमच्याकडे भाद्रपदातल्या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, मुखवटे लावून, भरजरी नेसवून बसवतात. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा मोठा स्वयंपाक, आंबील, कढी, सोळा भाज्या. त्या दिवशी न्हाण न आलेल्या मुलीला कुमारिका म्हणून पाटावर बसवलं की ती मुलगी राहत नाही, देवीच होते. तिने मागितलेलं नाकारायचं नसतं, तिच्या पानात रिकामी जागा ठेवायची नसते.

दोन-अडीच वर्षांची झाल्यावर गुंजन जेवू लागली. घरात पेढे वाटले. देवी पावली म्हणून कोकिळाबाई रडल्या. पोर अंग धरू लागली, गाल वर आले, सगळे म्हणाले, आता कशी खात्यापित्या घरची वाटते. रत्नप्रभा मला म्हणायची, "अर्पिता, तिनं ताट पुढं ओढलं नं, की मले वाटते नाचावं." आणि मग हळूहळू लक्षात आलं की पोर थांबतच नाही. पोळ्यांचा डबा रिकामा. कच्ची तूरडाळ मुठीने तोंडात. एकदा नेरला गोठ्यात सापडली, गाईच्या घमेल्यातली सरकीची ढेप खात. रत्नप्रभाने तिच्या तोंडात बोट घालून ती काढली, तर पोरीने बोटाला कडकडून चावा घेतला. तो वण अजून आहे.

नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, ते पुढे कुठेतरी मोठ्या प्रयोगशाळेत गेलं, आणि नाव कळलं. प्राडर-विली. डॉक्टरांनी रत्नप्रभाला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं. अन्न कुलपात ठेवा. मोजून द्या. दया दाखवू नका, दयेने ही मुलं मरतात. आणि शेवटी एक गोष्ट सांगितली, जी तिने मला त्याच संध्याकाळी जशीच्या तशी ऐकवली. या मुलांना दुखलेलं धड कळत नाही, उलटी सहजी होत नाही. फार खाल्लं तर जठर ताणून फाटू शकतं. म्हणून हिने कधी 'भूक नाही' म्हटलं, कधी 'पुरे' म्हटलं, तर आनंद मानू नका. तसंच उचला आणि दवाखान्यात आणा.

ती जीवशास्त्राची मास्तरीण. आजार समजला तसा तो तिला कोणाला तरी समजावून सांगितल्याशिवाय राहवेना, आणि मी शेजारीच होते. मला विज्ञानातलं ओ का ठो कळत नाही. पण ती शिकवायची मोठी ठसक्यात. आमच्या मागे जिनिंगचा कारखाना आहे, फेब्रुवारीत तिथे कापसाचे ढीग आणि दाबून बांधलेल्या गाठी दिसतात. ती मला गच्चीवर घेऊन गेली.

"तो मोकळा ढीग दिसते? त्यातून सूत काढता येते. गाठीतून येते का? कापूस तोच, पण दाबून बांधला. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा असाच लांबच लांब धागा आहे. सगळ्या पेशीत सगळी जनुकं. डोळ्यातही तीच, जठरातही तीच. जिथं जे लागत नाही तिथं ते दाबून बांधून ठेवलं असते, जे लागते ते मोकळं. मोकळं तेवढंच वाचल्या जाते. म्हणून डोळा डोळा होते अन् जठर जठर."

"मग गुंजनचं काय?"

"प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक मायची, एक बापाची. बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. पण पंधराव्या गुणसूत्रावर एक लहानसा पट्टा आहे. तिथली काही जनुकं फक्त बापाकडची बोलतात. मायकडची जन्मापासून बंद. सगळ्याच माणसांत, तुझ्यात, माझ्यात. त्या पट्ट्यात जे चालते त्याच्यावरच मेंदूतल्या भुकेचा हिशेब अवलंबून असते. गुंजनच्या बापाकडच्या धाग्यात तेवढा तुकडा गळाला. कायनं? कशानंच नाही. धागा तयार होताना गळते कधी कधी. हजारो लेकरांत एखाद्याच्या नशिबी."

"अन् तुझी प्रत?"

तिने गाठींकडे बोट दाखवलं.

"माझी आहे नं. शाबूत आहे. तिच्या एकूणएक पेशीत आहे. फक्त कुलूपबंद." मग म्हणाली, "त्याहून वाईट सांगू? माझ्या बाबांकडून मले जी प्रत मिळाली, ती माझ्यात उघडी आहे. तिच्यामुळंच माझं पोट भरते. बाईच्या अंगात बीजांड तयार होताना जुन्या खुणा पुसल्या जातात अन् नव्या बसतात. म्हणजे माझ्यात जी बोलत होती, ती हिले देताना माझ्याच अंगानं मुकी केली."

मी म्हटलं, तू मुद्दाम केलंस का? ती म्हणाली, तेच तर. मुद्दाम केलं असतं तर उघडता आलं असतं.

हे तिने यज्ञेश्वरलाही सांगितलं. सांगायलाच हवं होतं, पण मला अजून वाटतं की तिने सांगितलं तसं त्याने ऐकलंच नाही. ती सांगत होती की दोष कोणाचाच नाही. त्याने ऐकलं एवढंच, की बापाच्या बाजूचं लेकराला मिळालं नाही. त्या दिवसापासून तो गुंजनपुढे मान खाली घालून वावरू लागला. कचेरीतून येताना खिशात एखादं बिस्कीट आणायचा. रत्नप्रभा खिसे तपासायची. बाप आणि लेक दोघंही सापडलेल्या चोरासारखे उभे राहायचे, आणि ती बिस्कीट नाल्यात टाकून हात धुवायची. मग मोरीत नळ सोडून रडायची. भिंत पातळ आहे, मला ऐकू यायचं.

तिने त्या पोरीला किती वर्षं जगवलं हे लोकांना दिसलंच नाही. अशी पोरं लवकर लठ्ठ होऊन, श्वास अडकून जातात. गुंजन एकोणीस वर्षांची झाली आणि अंगाने नेटकी होती. बुटकी, हात-पाय लहान, डोळे बदामी, रंग आईबापापेक्षा उजळ. बुद्धी लहान मुलाची. पण चित्राचे तुकडे जोडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. रत्नप्रभा जुन्या कॅलेंडरची चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून बारीक कापायची आणि गुंजन ती भराभर जोडायची. एक तुकडा कमी असला तर रिकाम्या जागेवर बोट ठेवून बसायची. "आई, हे कुठं गेलं?"

सकाळ-संध्याकाळ रत्नप्रभा तिला तोलून जेवण द्यायची. दुधीची, दोडक्याची भाजी, एक भाकर, ताक. नंतर अंगणात दोघींच्या फेऱ्या. गुंजन रडायची, लोळण घ्यायची, फाटकाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची, "मावशी, भूक लागली वो. आई जेवाले देत नाई." आता सांगा, आपल्या मुलखात भुकेलं लेकरू फाटकात उभं राहून मागतंय आणि कोण पुढे जाईल? बाया पदराआडून पोळी द्यायच्या. एकीने तर रत्नप्रभाला तोंडावर सांगितलं, सावत्र माय बरी. तिने सगळ्यांना समजावून पाहिलं. मागच्या कारखान्यातल्या गाठी दाखवल्या, मोकळा कापूस दाखवला. ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, हो, पण भूक तर लागतेच ना तिला? खरं होतं ते. भूक लागतच होती. तीच तर अडचण.

राहिला तो नवस. कोकिळाबाई दरवर्षी आठवण द्यायच्या. दरवर्षी रत्नप्रभा नाही म्हणायची, गुंजनचा डबा घेऊन नेरला जायची, पंगती उठेपर्यंत तिला माडीवर घेऊन बसायची. कोकिळाबाईंच्या डोक्यात हळूहळू एक पक्कं बसलं. त्या मला एकदा म्हणाल्याही. "अर्पिताबाई, भूक कायची वो? म्या देवीले सांगतलं होतं का पुरे म्हनेपर्यंत वाढीन. वाढलं नाही. मंग ते पुरे म्हनंनच कशी? देवी वाट पाहून राह्यली." त्या अगदी मनापासून बोलत होत्या. मला राग आला.

गुंजनला पाळी आली नव्हती. त्या आजारात बहुधा येतच नाही. म्हणजे एकोणीस वर्षांची झाली तरी कोकिळाबाईंच्या हिशेबाने ती कुमारिकाच. लोकांच्या लेकी बारा-तेराव्या वर्षी पाटावरून उठतात. ही कधी उठणारच नव्हती.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नेरला पोचल्यावर, रत्नप्रभाची पाळी आली. चार-पाच महिने आली नव्हती, पंचेचाळिशी उलटली होती, तिला वाटलं होतं संपलं सगळं. आणि नेमकी त्या दिवशी. नेरच्या घरी सोवळं कडक. तिला ओसरीच्या कडेच्या खोलीत बाहेर बसवलं. जीवशास्त्राची मास्तरीण, वर्गात पोरींना विटाळ वगैरे काही नसतं म्हणून सांगणारी, मुकाट्याने चटईवर बसली. मी तिला याबद्दल नंतर बोलणार होते. बोलले नाही. देवघराची रीत मोडून आणखी एक भांडण तिला परवडणारं नव्हतं. या घराशी तिची आधीच इतकी भांडणं झाली होती. किल्ल्या आणि डबा तिने यज्ञेश्वरकडे दिला. माडीवर घेऊन बसा, खाली आणू नका. तो हो म्हणाला.

पुढचं काही मला तिने सांगितलं, काही मी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी तिने आतून गुंजनचं हसणं ऐकलं. माडीवरून नाही, देवीच्या खोलीतून. ती उठून उंबरठ्याशी गेली. कोकिळाबाई आडव्या आल्या.

"रत्ना, पाया पडतो तुह्या. आत येऊ नको. पाटावर बसवली हाये. एवढा नवस फिटू दे."

"वहिनी, ते मरंन! मी किती वेळा सांगू तुमाले?"

"देवीच्या दारात अभद्र बोलू नको. देवीसमोर जेवून कोनी मरते का?"

तेवढ्यात यज्ञेश्वर बाहेर आला. चष्मा हातात. "मी आहे नं," तो म्हणाला. "मी मोजून वाढतो. दोन पुरनपोया, बस. तुले शप्पथ." आणि मग हळूच, तिच्याकडे न बघता, "बापाकडचं तिले काही भेटलंच नाही म्हनतेस नं तू? एक दिवस मले देऊ दे."

तिने पाय मागे घेतला. दार लागलं. आतून कडी.

त्याने वाढलं. दोन पोळ्यांपर्यंत मोजलं असेल कदाचित. पण समोर देवीचे मुखवटे, पाटावर कुंकू लावलेली, नवी साडी नेसलेली लेक, जन्मात पहिल्यांदा कोणी हात न धरलेली. ती मागतेय आणि सगळं घर म्हणतंय, वाढ, वाढ, कुमारिकेला नाही म्हणू नये. सदाशिवराव तुपाची वाटी घेऊन उभे. शेजारपाजारच्या बाया कौतुकाने बघतायत. आपल्याकडे पंगतीत आग्रह करणं म्हणजे माया. घे नं, एक घे, माझ्या हातची घे. बाकीची माणसं हात आडवा धरतात, पान झाकतात, पोटावरून हात फिरवतात, तेव्हा आग्रह थांबतो. आग्रहाला थांबवणारा तो हात गुंजनकडे नव्हताच. तिच्या पानावर माया येत राहिली आणि ती खात राहिली.

आणि मग तिने पान सारलं.

"मोठीआई, पुरे," ती म्हणाली. "पोट भरलं."

मी पोचले ती त्यानंतर. दरवर्षी मला प्रसादाला बोलावणं असायचं. दारव्ह्याहून धरमसिंगच्या जीपने निघाले होते. तो वाटेत सवाऱ्या घेत घेत आला, त्यामुळे उशीर झाला. दारातच कोकिळाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. रडत होत्या, हसत होत्या. "पावली वो अर्पिताबाई! पोट्टी पुरे म्हनली! एकोनीस वर्सांत पयल्यांदा!" यज्ञेश्वर मागे उभा होता, त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. उजळलेला. दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा.

मी ओसरीच्या कडेच्या खोलीकडे वळले. रत्नप्रभा चटईवर बसली होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले, गालांवर ओघळ. मला वाटलं काहीतरी अघटित झालं.

"काय झालं गं?"

तिने डोळे उघडले. हसली. "अर्पिता, गुंजन पुरे म्हनली."

हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. तिने पुन्हा तेच म्हटलं, हळू, स्वतःशी, वर्गात पोराने दिलेलं चुकीचं उत्तर आपण परत म्हणून बघतो तसं. "पुरे म्हनली." आणि मग ती उठली. ना सोवळं पाहिलं ना देवी. दार ढकलून, बायांना बाजूला सारून ती आत शिरली.

गुंजन देवीसमोरच्या सतरंजीवर आडवी होती. घामाने डबडबलेली. साडीखाली पोट ताठ. रत्नप्रभाने त्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"दुखते का, बाळा?"

"नाई." ती झोपाळू हसली. "आई, आज कुलूप नव्हतं."

सदाशिवराव दारात आडवे उभे. देवी घरात असताना, विटाळशीने शिवल्यावर, आता पोरीला उचलून नेणार? जेवून सुस्तावली आहे, झोपू दे. रत्नप्रभाने गुंजनच्या मानेखाली हात घातला. माझ्याकडे वळून म्हणाली, "जीप गेली का?"

जीप नाक्यावर होती. मी धावले. धरमसिंगने बसलेल्या सगळ्या सवाऱ्या उतरवल्या, काही न विचारता. यज्ञेश्वरने गुंजनचे पाय धरले, मी खांदे. मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती पडली. नेरच्या दवाखान्यातून लगेच यवतमाळला पाठवलं. डॉक्टरांनी पोट उघडलं. जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. जठराचा भाग काळा पडून फाटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, नेरला देवी उठवायची तयारी चालली होती तेव्हा, गुंजन गेली.

कोकिळाबाई अजून सांगतात की पोरगी तृप्त होऊन गेली, देवीनेच नेली. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना तसंच वाटतं. त्यांच्या मायेत कणभर खोट नव्हती, आणि म्हणूनच मी त्यांच्यासमोर बसू शकत नाही. यज्ञेश्वर कचेरीत जातो, येतो. एकदाच माझ्याशी बोलला. "मोजत होतो मी," म्हणाला. "मधात मोजनं सुटलं." चष्मा पुसत राहिला.

रत्नप्रभा दिवाळीनंतर कॉलेजात रुजू झाली. गळ्यात किल्ल्या नव्हत्या. पोरं हसली नाहीत; हसली असती तर बरं झालं असतं. बारावीला आनुवंशिकतेचा धडा तिने सवयीने शिकवला. घरी कुलुपं काढून टाकलेली. एका संध्याकाळी मी गेले तर स्वयंपाकघराचं दार सताड उघडं, फ्रिज उघडता येतो, ओट्यावर पोळ्यांचा डबा झाकण नसलेला. ती त्याच्यासमोर पाटावर बसली होती. दिवसभर काही खाल्लेलं नव्हतं. मी म्हटलं, दोन घास खा. ती म्हणाली, भूक लागत नाही.

मी तिच्या बाजूला बसले. आणि मला सुचेल तसं, जे सगळे म्हणत होते तेच मीही म्हणाले. तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस. ऐकल्याबरोबर तू उठलीस, कोणाची पर्वा न करता आत गेलीस. डॉक्टरसुद्धा म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता.

"ऐकल्याबरोबर?" तिने विचारलं.

"मी पाहिलं ना."

"तू आली तेव्हा मी ऐकल्याबरोबर उठली, असं वाटते तुले?" ती डब्याकडे बघत होती. "अर्पिता, तिनं पुरे म्हटलं ते मी भिंतीतून ऐकलं. डॉक्टरचं बोलनं मले पाठ होतं. जनुक एका दिवसात उघडत नाही हे मी पोरांना वीस वर्षं शिकवते. अन् मी हात जोडले. मले वाटलं उघडलं. मले वाटलं, माझी प्रत बोलली. आत आरती झाली, मी टाळ्या वाजवल्या. मंग दुसरी पंगत बसली. वाढप्यांचे आवाज येत होते. तू यायच्या जरा आधी ती पंगत उठली."

मी पोळ्यांचा डबा बाजूला सारला.

"ती अख्खी पंगत उठेपर्यंत," ती म्हणाली, "मी सुखात होती."